मोफत शिफारस

केदारनाथ शेटे यांनी उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीची मनापासून शिफारस केली, आणि ती गोष्ट म्हणजे एक चेंडू होता. तोही खरा नव्हे. संगणकाच्या पडद्यावर वाटाण्याएवढा तांबडा ठिपका, आणि त्याला फळ्या, स्प्रिंगा, लोखंडी गोळे यांच्या मदतीनं पलीकडच्या टोपलीत पोचवायचं, एवढाच खेळ. एवढ्यापायी बीडमध्ये माणसावर चौकशी बसू शकते असं कुणी आधी सांगितलं असतं, तर शेट्यांनी मुकाट्यानं मान्य केलं असतं. चोवीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचा कशावरही विश्वास बसतो.

शेटे आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होते. अव्वल कारकुनाच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव सहा वर्षं सरपटत सरपटत पहिल्या क्रमांकावर आलं होतं, आणि वरची खुर्ची ऑक्टोबरात रिकामी होणार होती. घरात संगणक कसा आला ही वेगळी आणि कंटाळवाणी हकीकत आहे. तो आला, बैठकीच्या खोलीत बसला, गंगासागरबाईंनी त्याच्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणलं, आणि त्या खोलीत चपला घालून जायला बंदी झाली. आलेले पाव्हणे त्याला लांबूनच बघायचे आणि हा आता काय करतोय, असं हळू आवाजात विचारायचे. तो बहुधा बंद असायचा, कारण वीज नसायची.

वीज पहाटे साडेपाच ते साडेसहा खात्रीनं असे. त्या तासाभरात शेटे खेळत. संगणकाच्या एका मासिकाबरोबर दर महिन्याला एक सीडी फुकट यायची, आणि तिच्या तळाशी, ज्या कप्प्यात सहसा कुणी शिरत नाही अशा कप्प्यात, काही खेळ पडलेले असत. कंपनीचे नव्हेत. कुठल्या तरी देशात कुणी तरी एकटा माणूस घरी बसून, रात्रंदिवस डोकं फोडून खेळ तयार करतो आणि घ्या म्हणून फुकट वाटून टाकतो. त्या चेंडूच्या खेळाचं मूळ नाव शेट्यांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी एकीपेक्षा एक अवघड अशा त्यातल्या बावीस पायऱ्या मोजून त्याचं नाव 'बावीस फळ्या' ठेवलं. करणारा फिनलंडचा होता. खेळाच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, की पैसे नकोत, आवडला तर तुमच्या गावाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड तेवढं पाठवा.

शेटे दोन दिवस गावभर हिंडले. दुकानांत काश्मीरची कार्डं होती, अजिंठ्याची होती, दोन मांजरांची होती. बीडचं चित्र छापावं असं आजवर कुणाला वाटलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी घरातला कपिलधारच्या धबधब्याचा एक फोटो पाठवला. तो मे महिन्यातला असल्यामुळे त्यात नुसता काळा कडा दिसत होता. मागं त्यांनी इंग्रजीत लिहिलं, की इथं जुलैपासून पाणी पडतं. उत्तर आलं. त्या माणसानं लिहिलं होतं, की तीन वर्षांत आलेलं हे चौथं कार्ड.

चौथं. हे वाचून शेट्यांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं जाईना. इतकी चोख वस्तू, फुकट, आणि घ्यायला माणूस नाही. त्यात त्यांना थोडं स्वतःचंही दिसलं असावं, कारण चोवीस वर्षांत कचेरीत त्यांना कुणी कधी तुमचं मत काय, असं विचारलेलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं, की आपल्या सांगण्यावरून निदान एका माणसानं हा खेळ खेळला पाहिजे. जास्त नको. एक.

सुरुवात त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या रामकिसनपासून केली.

"बंदूक हाय का त्यात?" रामकिसननं विचारलं.

"नाही."

"मंग गाडी तरी?"

"नाही. चेंडू टोपलीत घालायचा असतो."

"अन् मंग?"

"मग दुसरी टोपली येते."

रामकिसननं त्यांच्याकडं कणवेनं पाहिलं. "शेटे साहेब, ह्या टोपलीतलं त्या टोपलीत आपुन हितं दिवसभर करतोच की. घरी जाऊन काहून करायचं?"

गंगासागरबाईंचं म्हणणं निराळं होतं. "चांगली वस्तू कोण काहून फुकट दील? काहीतरी खोट असंल म्हून वाटतोय त्यो. तुमी लई भोळे हाव." एवढं बोलून त्या भाकरी थापायला गेल्या. पुढं घरात या विषयावर त्यांनी कधीच वेगळं मत दिलं नाही.

राहता राहिले शेजारचे मन्मथप्पा तोडकर. मन्मथप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून ते 'सडेतोड चावडी' नावाचं साप्ताहिक काढत. साप्ताहिकात बातम्या कमी आणि वाढदिवसाची अभिनंदनं जास्त. शेट्यांनी भीतभीत विषय काढला, तर मन्मथप्पा लगेच तयार झाले. चौथ्या पानावर एक उभी पट्टी दर आठवड्याला रिकामी राही आणि ती भरताना त्यांच्या नाकी नऊ येत.

"लिवा की. हल्ली कॉम्प्युटरचं लई वारं हाय. नाव काय द्यायचं?"

"'मोफत खेळांची शिफारस'," शेटे म्हणाले. हे नाव त्यांनी तीन पहाटे खर्चून काढलं होतं.

खेळ एका फ्लॉपीत मावत असल्यामुळे वाचकांनी दुकानातून फ्लॉपी न्यावी असं ठरलं, आणि शेट्यांनी चार-पाच फ्लॉप्या बिस्किटांच्या बरणीशेजारी आणून ठेवल्या. लेख त्यांनी सात वेळा लिहिला. पहिल्या परिच्छेदात खेळ म्हणजे काय, फिनलंड कुठं आहे, आणि एकट्या माणसाच्या कष्टाला दाद देणं हे आपलं कर्तव्य कसं आहे, हे होतं. पुढं पहिल्या बारा पायऱ्या कशा ओलांडाव्यात याच्या खुणा होत्या. उरलेल्या पायऱ्या पुढील अंकी, असं शेवटी लिहिलं होतं.

अंक निघाला तेव्हा शेटे तो घेऊन माडीवर गेले आणि एकटेच वाचू लागले. पट्टी अरुंद असल्यामुळे मोठ्या अक्षरांतलं शीर्षक तिच्यात बसत नव्हतं. जुळणी करणाऱ्यानं मधला शब्द काढला होता. ठळक टाइपात छापलं होतं: 'मोफत शिफारस'. त्याखाली शेट्यांचा सेवापुस्तकातला असावा तसा फोटो, आणि वजन यावं म्हणून मन्मथप्पांनी आपल्या मनानं घातलेली ओळ: 'केदारनाथ शेटे, वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा'. ऐनवेळी एक अभिनंदनाची जाहिरात आल्यामुळे पहिला परिच्छेद उडाला होता. लेख सरळ इथून सुरू होत होता: 'पहिल्या पायरीवर घाई करू नये. योग्य जागी योग्य वजन ठेवले की दार आपोआप उघडते. वजन कमी पडल्यास वस्तू जागची हलत नाही. फार जास्त ठेवल्यास फळी मोडते आणि सगळेच खाली येतात.'

शेट्यांनी हे चार वेळा वाचलं. कचेरीत वजन ठेवणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं. ते तसेच जिना उतरून दुकानात गेले.

"शुद्धिपत्रक काढा," ते म्हणाले.

"अहो, शुद्धिपत्रक काढलं तर अंकाची अब्रू जाती," मन्मथप्पा म्हणाले. पण शेजारधर्म म्हणून त्यांनी ते काढलं. शेट्यांनी लिहून दिलं होतं, की 'मोफत' या शब्दानंतरचा 'खेळांची' हा शब्द नजरचुकीने गळला आहे. पुढच्या अंकात जागेअभावी ते असं आलं: 'गेल्या अंकातील शिफारस या सदरात मोफत हा शब्द नजरचुकीने पडला आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.'

वाचकांनी नोंद घेतली. आधीच्या आठवड्यात शिफारस मागायला माणसं रिकाम्या हातानं आली होती, आता पिशव्या घेऊन येऊ लागली. कुणाला गॅसची जोडणी हवी होती, कुणाच्या मेव्हणीला डी.एड.ला प्रवेश हवा होता, एकाला मांजरसुंब्याला ढाबा टाकायचा होता आणि त्याला कशाचीही परवानगी नको होती, पण आधीपासून ओळख असावी म्हणून तो येऊन बसला. चपला काढायच्या खोलीच्या दारात पंधरा-वीस जोड पडलेले असत. शेटे प्रत्येकाला समजावत, की मी फक्त संगणकावरच्या खेळांची शिफारस करतो. माणसं शांतपणे ऐकून घेत, आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणत.

"चहा कुणाकुणाला करू?" गंगासागरबाई आतून विचारत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं.

वडवणीकडच्या एका वस्तीवरून सटवाजी नावाचे म्हातारे धनगर आले होते. खांद्यावर काठी, बगलेत नवी कोरी घोंगडी. पोरगा एसटीत कंडक्टर, तीन वर्षं गडचिरोलीला अडकलेला, त्याची बदली बीडला व्हावी एवढंच त्यांचं मागणं.

"बाबा, मी खेळांची शिफारस करतो," शेटे अकराव्यांदा म्हणाले.

"व्हय व्हय. आमाला कळतंय की, साहेब. खेळच हाय ह्यो समदा."

"तसं नाही हो. चेंडू असतो, आणि तो टोपलीत..."

"तुमी म्हनाल त्या टोपलीत टाका. पन आमच्या दारात येऊद्या."

शेटे थकले होते. सकाळपासून ही आठवी पिशवी होती. दमलेल्या कारकुनाच्या तोंडून जो शब्द आपोआप बाहेर पडतो, तोच त्यांच्या तोंडून पडला. "बरं, बघतो," ते म्हणाले. कचेरीत या शब्दाला काडीचा अर्थ नसतो, पण सटवाजी मेंढरांत वाढलेले होते आणि माणूस 'बघतो' म्हणाला की तो बघतो, असं त्यांच्याकडं धरतात. त्यांनी हात जोडले, आणि जाताना घोंगडी कुणाच्या नकळत खुर्चीच्या मागं ठेवून गेले.

बाराव्या दिवशी पोराची बदली बीडला झाली.

सटवाजी पेढे घेऊन आले आणि दारातच त्यांनी शेट्यांचे पाय धरले. शेट्यांनी त्यांना उठवून, खुर्चीवर बसवून, आपला यात काहीही हात नाही असं पाऊण तास सांगितलं. सटवाजींनी ते सगळं मोठ्या माणसाचा विनय म्हणून ऐकून घेतलं आणि वडवणीच्या बाजारात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर चपलांचे जोड जिन्यापर्यंत आले.

कुठल्याही शहाण्या माणसानं इथं लिखाण थांबवलं असतं. पण शेटे रोज संध्याकाळी दुकानात जाऊन विचारत, की कुणी फ्लॉपी नेली का. मन्मथप्पा म्हणत, "गिऱ्हाईक लई असतंय, कोन काय नेतंय, ध्यान ऱ्हात न्हाई." हा नकारही नव्हता. त्या आशेवर शेट्यांनी दुसरा लेख लिहिला. चेंडूच्या उरलेल्या पायऱ्या त्यांनी मुद्दामच टाळल्या, कारण तेराव्या पायरीपासून पुढं वजनांशिवाय पान हलत नाही. त्याऐवजी त्यांनी वजनाचा शब्दही न येणारा दुसरा एक साधा खेळ घेतला. एका हंगेरियन बाईनं केलेला. पडद्यावर वरून वाळूचे कण पडतात, ते हवे तिथं वळवायचे, साठवायचे, त्यातून पाण्याला वाट काढून द्यायची. काही जिंकायचं नाही, काही हरायचं नाही. शेट्यांना तो खेळ फार आवडे. कचेरीतून आल्यावर वीज असली तर ते अर्धा तास नुसते वाळू पडताना बघत बसत.

लेखात त्यांनी लिहिलं: 'वाळू हवी तितकी उचलावी. ती संपत नाही आणि कोणी अडवत नाही.'

या जिल्ह्यात राहून असं वाक्य आपण कसं लिहिलं, हा प्रश्न शेट्यांनी पुढं स्वतःला बरेचदा विचारला. अंक निघाला त्याच दुपारी त्यांच्या दारात दोन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. त्यांचा सिंदफणा नदीकाठचा मालक, गळ्यात साखळी, खिशात 'सडेतोड चावडी'चा घडी घातलेला अंक. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो, पण ती वाळू खरी नाही."

"मंग खरी कुठं हाय ते सांगा."

तो दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. आठ दिवसांनी कचेरीत निनावी अर्ज आला. अर्ज निनावी असला तरी त्यात वाळूचा उल्लेख सहा वेळा होता.

कारणे दाखवा नोटीस शेट्यांना त्यांच्याच शाखेतून मिळाली, आणि तिचा मसुदा रामकिसनच्या हातचा होता. रामकिसननं ती देताना खाली पाहिलं. "मी काय करू, शेटे साहेब. टोपलीत आली म्हून लिवली." नोटिशीत तीन प्रश्न होते. एक, आपण शासकीय सेवेत असताना शिफारशींचे सदर विनापरवानगी चालवता काय. दोन, लेखात उल्लेखिलेले वजन म्हणजे काय, ते कोठे आणि किती ठेवावयाचे. तीन, एक नग घोंगडी स्वीकारली काय.

चौकशी लोमटे साहेबांकडं गेली. लोमटे साहेब निवृत्तीला टेकलेले, मधुमेही, आणि स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना फाइल उघडी राहिलेली आवडत नसे. पहिल्याच तारखेला त्यांनी विचारलं, "वजन म्हणजे काय?"

"लोखंडी गोळा, साहेब."

"लोखंडी?"

"पडद्यावरचा."

लोमटे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तो खेळ मला दाखवा," ते म्हणाले. "पाहिल्याशिवाय मी काय लिहू?"

कचेरीत एक संगणक होता, पण त्याच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडं होती तो रजेवर होता आणि रजा वाढवून घेत होता. सरकारी यंत्रात खासगी फ्लॉपी घालायची तर वेगळी परवानगी, आणि ती द्यायचा अधिकार कुणाचा यावर दोन शाखांमध्ये टिपणी फिरू लागली. तेव्हा शेट्यांनी घरचा संगणक नेला. पुढच्या तारखेला ते ऑटोरिक्षातून, मांडीवर पडदा आणि पायांशी पेटी घेऊन कचेरीत आले. पडद्याला ओरखडा पडू नये म्हणून गंगासागरबाईंनी तो हाताला लागेल त्यात नीट गुंडाळून दिला होता. साहेबांच्या टेबलावर शेट्यांनी तो उलगडला, आणि सगळ्यांच्या आधी शिपायाच्या लक्षात आलं.

"साहेब, हीच घोंगडी."

लोमटे साहेबांनी तिला हात लावून पाहिला. "चांगली आहे," ते खिन्नपणे म्हणाले, आणि त्यांनी ती नोंदवली. मग जोडण्या करायला पाऊण तास गेला, आणि शेट्यांनी बटण दाबायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. सगळे तासभर काळ्या पडद्याकडं बघत बसले. तो खेळ लोमटे साहेबांनी कधीच पाहिला नाही.

तिसऱ्या तारखेला सटवाजींची साक्ष झाली. ती शेट्यांच्या बाजूची होती आणि त्यामुळे फार घातक होती. "ह्या देवमानसानंच केलं," सटवाजी म्हणाले. "म्हनाले बघतो, अन् बघितलं. घोंगडी मीच गपचूप ठिवलती, त्येन्ला म्हाईत बी न्हवतं." लोमटे साहेबांनी एसटीकडून माहिती मागवली होती. पोरानं वर्षभरापूर्वीच आपसी बदलीचा अर्ज केला होता, गडचिरोलीकडचा कुणी बीडला कंटाळला होता, आणि दोघांची अदलाबदल झाली होती. कागद स्वच्छ होता. घोंगडी पावती देऊन सटवाजींना परत करण्यात आली, आणि ती घेताना म्हातारा रडला.

"आता एकच राहिलं," लोमटे साहेब शेट्यांना म्हणाले. खोलीत दोघंच होते आणि पंखा बंद होता. "नियम सांगतो. साहित्यिक लिखाणाला परवानगी लागत नाही. साहित्यिक म्हणजे ज्याचा कुणावर काही परिणाम होत नाही ते. परिणाम झाला की तो प्रचार. प्रचार ठरला, तर ठपका, आणि ठपका आला तर बढती या वर्षी नाही. पुढच्या वर्षी यादी नव्यानं लागेल, तुमचं नाव कुठं येईल देव जाणे. कळलं?"

"कळलं, साहेब."

"मग लिहून द्या, की तुमच्या शिफारशीवरून आजपर्यंत कुणीही काहीही केलेलं नाही. खरं आहे ना?"

"खरं आहे," शेटे म्हणाले.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते लिहायला जड गेलं. गेले तीन महिने शेटे ज्या एका माणसाची वाट बघत होते, तो आला नाही हे त्यांना आता स्वतःच्या अक्षरात, दोन प्रतींत, कार्बन घालून लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं. अक्षर चांगलं होतं. 'मी सत्यप्रतिज्ञेवर नमूद करतो, की सदरहू शिफारशीवरून आजतागायत कोणीही काहीही केलेले नाही.' सही करायला त्यांनी पेन टेकवलं, आणि दार उघडून शिपाई आत आला.

"साहेब, साक्षीला बाई आल्यात."

"साक्षी संपल्या," लोमटे साहेब म्हणाले. पण बाई आत आल्याच होत्या. छप्पन-सत्तावन्न वय, हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. त्यांनी दोघांकडं पाहिलं आणि छापील फोटोवरून शेट्यांना ओळखलं.

"शेटे तुमीच न्हवं? मी मुक्ताबाई. वडवणीला प्राथमिक शाळेत मास्तरीन हाय. तुमच्या टेबलावर गेलते, तितल्या मानसानं हितं हायेत म्हनून सांगितलं. बारावी पायरी झाली की पुढच्या अंकी लिवतो म्हनालाव, अन् पुढच्या लेखात वाळू. ही काय रीत झाली का? मी चौदाव्या पायरीवर दीड म्हैना अडकून बसलेय."

शेट्यांचं पेन कागदावर तसंच राहिलं आणि तिथं शाईचा एक ठिपका वाढू लागला.

"तुम्ही खेळलात?" त्यांनी विचारलं.

"मंग? सरकारनं आमाला म्हातारपणी कॉम्प्युटरची परीक्षा लावली. त्ये माऊस हातात धरलं की माझा हात थरथरायचा, बाण भलतीकडंच पळायचा. क्लासातल्या पोरी हसायच्या. दोनदा नापास झाले. मंग तोडकरांच्या दुकानातून तुमची फ्लॉपी नेली. क्लासातल्या कॉम्प्युटरवर चेंडू ढकलू ढकलू हात बसला. आज निकाल लागला, पास हाय मी." पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढून दाखवला आणि पुन्हा आत ठेवला. "पन परीक्षा झाली तरी खेळ सुटंना. त्या चौदाव्या पायरीला स्प्रिंग आधी सोडायची का फळी, तेवढं सांगा. माझी साडेचारची गाडी हाय."

लोमटे साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग ते अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले. "शेटे. मी काही ऐकलेलं नाही. बाई चुकीच्या खोलीत आल्या. कागद अजून तुमच्या हातात आहे. सही करा आणि बाईंना बाहेर जाऊन काय ते सांगा."

भला माणूस होता. शेट्यांना ऑक्टोबर दिसला, वरची खुर्ची दिसली, तिच्या पाठीवरचा टॉवेलसुद्धा दिसला. गंगासागरबाई काय म्हणतील तेही ऐकू आलं. आणि या सगळ्याच्या वर त्यांना आनंद झाला होता, साधा, निखळ आनंद. मग त्यांनी 'कोणीही काहीही केलेले नाही' या शब्दांवर पट्टीनं सरळ रेघ मारली, वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'एका व्यक्तीने खेळ खेळला. चौदाव्या पायरीपर्यंत', खोडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे आद्याक्षरं केली, आणि खाली सही केली.

लोमटे साहेबांनी कागद ओढून वाचला. "बढती गेली, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब." शेटे उठले, मुक्ताबाईंकडं वळले आणि म्हणाले, "फळी आधी, बाई. स्प्रिंग शेवटी." मग दारापर्यंत जाऊन ते परत आले, आणि टेबलापाशी थोडे संकोचून उभे राहिले.

"साहेब, या जबाबाची मला एक खरी नक्कल मिळेल का? फिनलंडला पाठवायची आहे."